पोराच्या हातावर जखमा दिसल्या तर ओरडू नका, आधी ऐका. आणि कॉलेजला विचारा, समुपदेशक कुठं आहे?

सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ रोजी देशभरातल्या शाळा, कॉलेज, वसतिगृहं आणि कोचिंग क्लासेससाठी पंधरा सूचना दिल्या. त्यातली एक अगदी सरळ आहे. जिथं शंभर किंवा जास्त विद्यार्थी शिकतात, तिथं मुलांच्या मानसिक आरोग्याचं शिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमायचा. शंभरापेक्षा कमी विद्यार्थी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं.

विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात हा निकाल आला. त्यामुळं बऱ्याच जणांना वाटलं, ही शहरातल्या मोठ्या क्लासेसची गोष्ट आहे, आपला काय संबंध. पण शंभराचा आकडा बघा. तालुक्याच्या ठिकाणचं जवळजवळ प्रत्येक सीनियर कॉलेज आणि बहुतेक ज्युनियर कॉलेज त्यात बसतं. म्हणजे एसटीचा पास काढून रोज वीस-पंचवीस किलोमीटर जाणारं आपलं पोरगंही त्यात येतं.

या निकालाची चर्चा आत्महत्येच्या अंगानं झाली. ती व्हायलाच पाहिजे. पण त्याआधीची एक गोष्ट गावात, घरात, वसतिगृहात घडत असते आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. ती म्हणजे पोरांनी स्वतःच्याच अंगाला इजा करून घेणं. घरच्यांना हे कळतं तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत जे बोललं जातं, त्यावर पुढचं बरंच ठरतं. म्हणून हा विषय नीट समजून घेणं गरजेचं आहे.

हे नेमकं काय आहे?

डॉक्टरांच्या भाषेत याला स्व-इजा म्हणतात. मरायचा हेतू नसताना, मनातला ताण सहन होत नाही म्हणून माणूस मुद्दाम स्वतःला जखमा करतो. हे वेड नाही, नाटक नाही, बाहेरचं तर अजिबात नाही.

मग कुणी असं का करतं? मनात राग, लाज, भीती, अपमान असं सगळं एकदम दाटून येतं आणि ते सांगायला ना शब्द असतात, ना माणूस. अशा वेळी अंगाच्या वेदनेनं मनातली घालमेल थोडा वेळ दबते. काही जणांना आतून सगळं बधिर झाल्यासारखं वाटतं, काहीच जाणवत नाही, म्हणून ते करतात. काही जण 'आपणच नालायक, आपल्याला शिक्षा पाहिजे' या विचारानं करतात. पण हा आराम टिकत नाही. पाठोपाठ लाज येते, ती लपवायची धडपड येते, आणि मूळ ताण होता तिथंच राहतो. पुढच्या वेळी पोरगं पुन्हा त्याच वाटेनं जातं. असं करत करत सवय लागते.

जगभरातल्या अभ्यासांची एकत्र मोजणी २०१४ मध्ये झाली. त्यात किशोरवयीन मुलांमध्ये साधारण १७ टक्के आणि तरुणांमध्ये साधारण १३ टक्के जणांनी आयुष्यात कधी तरी असं केल्याचं आढळलं. सुरुवात बहुतेक वेळा तेरा-चौदाव्या वर्षाच्या आसपास होते. म्हणजे अकरावी-बारावीत किंवा एफवायला घरच्यांना कळतं, तेव्हा ते कदाचित दोन-तीन वर्षांपासून चाललेलं असतं.

हे फक्त मुलींचं, असाही एक समज आहे. तो चुकीचा आहे. मुलगेही करतात. फक्त मुलानं चिडून भिंतीवर हात आपटून घेतला तर लोक म्हणतात, 'तापट आहे, बापावर गेलाय.' विषय तिथंच संपतो.

आत्महत्येशी संबंध आहे की नाही?

इथं दोन्ही बाजूंनी चूक होते. एक चूक म्हणजे प्रत्येक जखम बघून 'पोरगं मरायला निघालं होतं' असं म्हणून गावभर बोंब करणं. दुसरी चूक म्हणजे 'मरायचं नव्हतं ना, मग काय एवढं' म्हणून सोडून देणं.

बहुतेक वेळा हेतू मरायचा नसतो, उलट असह्य ताणातून कसं तरी तगून राहायचा असतो. पण ज्यांनी स्वतःला इजा करून घेतली आहे, त्यांच्यात पुढं आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, हेही अभ्यासातून पक्कं झालं आहे. म्हणून घाबरून जायचं नाही, आणि दुर्लक्षही करायचं नाही.

हा धोका किती मोठा आहे, हे सरकारी आकडेच सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३ हजार ४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यात सर्वात जास्त, १ हजार ७६४, एकट्या महाराष्ट्रातल्या होत्या. आपल्या राज्यात शेतकरी आत्महत्येवर बोलणं होतं, अधिवेशनात गोंधळ होतो, मदतीच्या घोषणा होतात. पण त्याच शेतकऱ्याच्या घरातलं शिकणारं पोरगं कशातून जातंय, यावर तेवढं बोललं जात नाही. आणि स्वतःला इजा करून घेणाऱ्यांची तर गावपातळीवर कुठं नोंदच होत नाही, कारण ती जखम घराबाहेर जातच नाही.

गावाकडच्या पोरांवर ताण कसला?

शहरात एक म्हण झाली आहे, गावाकडची पोरं काटक असतात. अंगानं असतील. पण ताणाचं गणित वेगळं असतं.

घरात पहिल्यांदाच कॉलेजला गेलेलं पोरगं असतं. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेलं. अकरावी सायन्सला अचानक सगळं इंग्रजीतून येतं. वर्गात समजत नाही आणि विचारायची लाज वाटते. घरी सांगायचं तर आई-बापाला विषयाचं नावही माहीत नसतं. तेवढ्यात सोयाबीन किंवा कापसाचे पैसे क्लासच्या फीला गेलेले असतात. एखाद्या घरात गाय विकलेली असते, एखाद्यात सोनं गहाण. बाप तोंडानं काही म्हणत नाही, पण पोराला ते दिसतं. एक एटीकेटी लागली की त्याला वाटतं, आपण घर बुडवलं.

मुलींच्या बाबतीत अजून एक टांगती तलवार असते. एक पेपर राहिला, एखाद्या मुलाशी बोलताना कुणी पाहिलं, फोनवर जास्त वेळ गेला, की लगेच स्थळं बघायला सुरुवात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण व्हायच्या आत झालेलं होतं. म्हणजे शिक्षण बंद होईल ही मुलींची भीती कल्पनेतली नाही, शेजारच्या घरात घडलेली आहे. अशा वेळी ती मनातलं घरी का सांगेल?

शहरात खोली घेऊन किंवा वसतिगृहात राहणाऱ्या पोरांचं दुःख अजून वेगळं. मेसचे पैसे थकलेले, स्पर्धा परीक्षेची दोन वर्षं गेलेली, गावातली बरोबरीची पोरं कामाला लागलेली. जातीवरून टोमणे, बोलीवरून हसणं, कपड्यांवरून चिडवणं हेही चालतं. सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनांत मागास आणि दुर्बल घटकांतल्या विद्यार्थ्यांशी भेदभाव होऊ नये, म्हणून वेगळं कलम घालावं लागलं, ते उगाच नाही.

आणि मोबाइल. मोबाइलमुळं सगळं होतं असं म्हणणं सोपं आहे, पण अर्धवट आहे. फोटोवरून धमकी, ग्रुपवर बदनामी हे खरंच होतं आणि त्यानं पोरं कोलमडतात. पण पुष्कळ वेळा तोच मोबाइल पोराचा एकमेव मित्र असतो. म्हणून काही कळलं की पहिल्यांदा फोन हिसकावून घ्यायचा, यानं पोरगं अजून एकटं पडतं.

घरात काय चुकतं?

उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, वारंवार नवीन जखमा आणि प्रत्येक वेळी 'तारेला लागलं', 'मांजरानं ओरबाडलं' असं उत्तर, तासन् तास खोलीची कडी लावून बसणं, जेवण आणि झोप बिघडणं, आवडत्या गोष्टी सोडणं. यातली एकच गोष्ट दिसली तर लगेच अर्थ काढू नये. पण दोन-तीन एकत्र आणि बरेच दिवस दिसल्या तर शांतपणे विचारायला हवं.

विचारताना घरोघरी साधारण हेच होतं. आई रडायला लागते, बाप हात उगारतो, आजी म्हणते नजर लागली. मग शपथा घातल्या जातात, 'माझी शपथ आहे, पुन्हा करणार नाहीस'. कुणी भगताकडं नेतं. कुणी म्हणतं, लग्न लावून द्या, सगळं ठीक होईल.

हे सगळं प्रेमापोटी आणि भीतीपोटी होतं, हे खरं. पण शपथेनं ताण जात नाही, फक्त जखम जास्त लपवली जाते. मारल्यानं तर 'मी नालायक आहे' या पोराच्या समजुतीवर शिक्का बसतो. भगताकडं गेलेले महिने उपचाराचे महिने असतात, ते परत येत नाहीत. आणि लग्नानं आजार बरा होत नाही, तो दुसऱ्या घरात जातो. झाडाचं पान पिवळं पडलं की शेतकरी नुसतं पान तोडून टाकत नाही, बुडाशी माती उकरून मूळ बघतो. इथंही तेच करायचं आहे.

मग म्हणायचं काय? अगदी साधी वाक्यं पुरतात. 'मला दिसलंय. मी रागावलेलो नाही. तुला काय होतंय ते सांग, मी ऐकतो.' पोरगं लगेच बोलणार नाही. बोललं नाही तरी बसून राहायचं, उपदेश करायचा नाही, दुसऱ्याच्या पोराशी तुलना करायची नाही. जखम खोल असेल, रक्त थांबत नसेल तर आधी दवाखाना, बाकी सगळं नंतर.

एक प्रश्न मात्र विचारायचाच. 'मरून जावंसं वाटतं का?' हा प्रश्न विचारल्यानं पोराच्या डोक्यात तो विचार घुसतो, असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. उलट कुणी तरी थेट विचारलं म्हणून पोराला मोकळं वाटतं. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरकडं न्यायचं.

शेतकऱ्याच्या घराला अजून एक काळजी घ्यावी लागते. फवारणीचं औषध घरात, पलंगाखाली, न्हाणीत ठेवलेलं असतं. ते कुलपात ठेवा, किल्ली मोठ्या माणसाकडं ठेवा, उरलेलं साठवू नका. वाईट घडी पुष्कळदा थोड्याच वेळाची असते. त्या वेळात घातक वस्तू हाताशी नसली तर जीव वाचतो. श्रीलंकेनं सर्वात विषारी कीटकनाशकांवर एकेक करून बंदी आणल्यावर तिथल्या आत्महत्या मोठ्या प्रमाणात कमी झाल्या, हे जगानं पाहिलं आहे.

पोलीस केस होईल का?

दवाखान्यात न जाण्यामागं हे मोठं कारण असतं. 'पोलीस येतील, पंचनामा होईल, गावात नाव जाईल.'

कायदा आता बदललेला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. उलट त्याला उपचार आणि आधार देणं ही सरकारची जबाबदारी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं कलम ३०९ राहिलेलंच नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न एवढाच आता गुन्हा आहे. दवाखान्यात गंभीर जखमेची नोंद होऊ शकते, पण नोंद म्हणजे गुन्हा नव्हे. शिवाय याच कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिला आहे. डॉक्टरनं किंवा समुपदेशकानं ती चार लोकांत सांगायची नाही.

जायचं कुठं?

पहिली जागा खिशातच आहे. टेलिमानस, नंबर १४४१६. केंद्र सरकारची ही फोन सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज असेल तर पुढं तज्ज्ञ डॉक्टरकडं जोडून देतो. पोरगंच फोन करू शकतं असं नाही, आई-बाप, मित्र, शिक्षक यांनीही 'आता काय करू' असं विचारायला फोन करावा.

दुसरी जागा जिल्ह्याचं सिव्हिल हॉस्पिटल. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून तिथं मानसोपचाराची ओपीडी चालते. आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ही टीम कोणत्या वारी येते, हे तिथंच विचारून घ्यावं. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत 'मैत्री' क्लिनिक असतात, त्याचीही चौकशी करावी. विदर्भ-मराठवाड्यात शेतकऱ्यांसाठी सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पात आशाताईंनी घरोघरी जाऊन ताणात असलेली माणसं शोधायचं काम केलं आहे. म्हणजे आशाताईला हा विषय नवा नाही. त्यांच्याशी बोलायला हरकत नाही.

तरी अडचण आहेच. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. सिव्हिलला जायचं म्हणजे एक दिवसाचा रोजगार, गाडीभाडं आणि रांग. एका भेटीत हे बरं होत नाही, पुन्हा पुन्हा जावं लागतं. म्हणूनच कॉलेजमध्येच समुपदेशक असणं महत्त्वाचं आहे. पोरगं जिथं रोज जातं, तिथंच मदत मिळाली तर ती घेतली जाईल.

आणि हे बरं होतं, हेही ठासून सांगायला हवं. अमेरिकेतल्या मार्शा लिनेहान या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अशा रुग्णांसाठी बोलण्यातून करायची एक उपचारपद्धती तयार केली. तीव्र भावना आल्यावर स्वतःला इजा न करता ती वेळ कशी काढायची, हे त्यात शिकवलं जातं. आज ती जगभर वापरतात. या बाई स्वतः सतराव्या वर्षी याच त्रासासाठी मनोरुग्णालयात दाखल होत्या. २०११ मध्ये त्यांनी ते जाहीरपणे सांगितलं. ज्या पोरीकडं बघून लोकांनी आशा सोडली असती, तिनंच पुढं हजारोंना वाट दाखवली.

निकाल कागदावर राहू नये म्हणून

न्यायालयाच्या सूचनांत अजून काही गोष्टी आहेत, ज्या तपासायला कुठलंही शिक्षण लागत नाही. टेलिमानससारख्या हेल्पलाइनचे नंबर वर्गात, वसतिगृहात मोठ्या अक्षरात लावायचे. शिकवणाऱ्या आणि इतरही सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण द्यायचं. मार्कांवरून हुशार आणि ढ अशा वेगळ्या तुकड्या पाडायच्या नाहीत, चारचौघांत अपमान करायचा नाही. पालकांसाठीही कार्यक्रम घ्यायचे. लक्ष ठेवायला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समिती असावी, असंही सांगितलं आहे. सरकारचा कायदा किंवा नियम येईपर्यंत या सूचना बंधनकारक आहेत.

भीती ही आहे की ज्या प्राध्यापकांचा तास कमी, त्यांच्याच गळ्यात 'समुपदेशक' ही पाटी अडकवली जाईल आणि अहवाल वर जाईल. चांगला शिक्षक पोराचं ऐकून घेऊ शकतो, त्याची गरज आहेच. पण प्रशिक्षण नसेल तर 'मन घट्ट कर, अभ्यासात लक्ष घाल' याच्या पुढं गाडी जात नाही. आणि ज्या सरांच्या हातात इंटर्नल मार्क आहेत, त्यांच्यासमोर पोरगं मनातलं कसं सांगेल? दुसरीकडं ग्रामीण कॉलेजांची बाजूही खरी आहे. प्राध्यापकांच्याच जागा रिकाम्या असताना समुपदेशकाचा पगार कुठून द्यायचा? यावर मार्ग निघू शकतो. तालुक्यातल्या तीन-चार संस्थांनी मिळून एक प्रशिक्षित माणूस वार ठरवून घ्यावा. सिव्हिलच्या टीमला महिन्यातून एकदा कॉलेजवर बोलवावं. पण हे मागितल्याशिवाय कुणी करणार नाही.

मागणारे पालकच असले पाहिजेत. पुढच्या पालक मेळाव्यात प्राचार्यांना तीन प्रश्न विचारा. एक, आपल्या कॉलेजचा समुपदेशक कोण, त्याचं शिक्षण काय, तो कोणत्या वारी कुठं बसतो? दोन, १४४१६ हा नंबर कोणत्या भिंतीवर लावला आहे? तीन, एखाद्या पोराच्या अंगावर जखमा दिसल्या तर त्याला घरी हाकलणार की मदत देणार, हे लेखी ठरलं आहे का? वसतिगृहाच्या बाबतीत गृहपालांना हेच विचारा. उत्तर मिळालं नाही तर जिल्हाधिकारी कार्यालयात समितीची चौकशी करता येते.

पोरांसाठीही एक गोष्ट. मैत्रिणीनं किंवा मित्रानं 'कुणाला सांगू नको' म्हणून जखम दाखवली, तर ते गुपित एकट्यानं वागवू नका. फोटो काढू नका, ग्रुपवर टाकू नका. विश्वासाच्या एका मोठ्या माणसाला सांगा, किंवा त्याच्यासोबत बसून १४४१६ लावा. याला चुगली म्हणत नाहीत. आणि स्वतःवरच ही वेळ आली असेल तरी नंबर तोच आहे. रात्री दोन वाजताही तो उचलला जातो.